टेलिफोनचे वकील : जेम्स स्टॉरो आणि बेल पेटंटचा लढा

टेलिफोनच्या इतिहासात अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे नाव आज निःशंकपणे घेतले जाते. परंतु १८७६ ते १८८८ या बारा वर्षांत ते तितके निःशंक नव्हते, आणि ते तसे झाले यात प्रयोगशाळेइतकाच वाटा न्यायालयाचा आहे. बेल कंपनीने बेल यांच्या टेलिफोन पेटंटच्या रक्षणासाठी सुमारे सहाशे खटले लढवले, असे सांगितले जाते. या लढ्याची कायदेशीर बाजू बोस्टनच्या दोन वकिलांनी उभी केली : वयाने ज्येष्ठ असलेले चॉन्सी स्मिथ आणि हार्वर्डमध्ये शिकलेले जेम्स जॅक्सन स्टॉरो (१८३७–१८९७). दूरसंचार पेटंटचे खटले हेच ज्यांच्या वकिलीचे मुख्य कार्यक्षेत्र बनले, अशा वकिलांच्या पहिल्या पिढीत स्टॉरो यांची गणना करावी लागते.

बेल यांनी १४ फेब्रुवारी १८७६ रोजी पेटंटसाठी अर्ज केला, आणि त्याच दिवशी एलिशा ग्रे यांचे कॅव्हेट, म्हणजे अपुऱ्या शोधाची आगाऊ सूचना, पेटंट कार्यालयात दाखल झाले. ७ मार्चला बेल यांना १७४४६५ क्रमांकाचे पेटंट मिळाले, तर तारेवरून समजेल असे वाक्य प्रत्यक्षात ऐकू आले ते १० मार्चला, म्हणजे पेटंट मिळाल्यानंतर तीन दिवसांनी. विरोधकांच्या हाती यापेक्षा चांगले शस्त्र नव्हते : जे यंत्र अर्जाच्या दिवशी बोललेच नव्हते, त्याचा शोध लागला होता असे कसे म्हणावे?

पहिला मोठा सामना वेस्टर्न युनियन या बलाढ्य तार कंपनीशी झाला. ग्रे आणि एडिसन यांच्या शोधांचे हक्क तिच्याकडे होते. तिच्या मॅसॅच्युसेट्समधील पीटर डाउड या प्रतिनिधीविरुद्ध बेल कंपनीने १८७८ मध्ये खटला भरला. साक्षीपुरावा पुढे सरकला तसे वेस्टर्न युनियनच्याच वकिलाने तडजोडीचा सल्ला दिला, आणि नोव्हेंबर १८७९ मध्ये झालेल्या करारानुसार ती कंपनी टेलिफोनच्या धंद्यातून बाहेर पडली. मोबदल्यात तिला सतरा वर्षे टेलिफोनच्या भाड्याचा वीस टक्के हिस्सा मिळणार होता. बेल कंपनीच्या एकाधिकाराचा पाया निकालाने नव्हे, तर तडजोडीने घातला गेला, ही गोष्ट अनेकदा नजरेआड होते.

स्टॉरो यांचे खरे कौशल्य त्यानंतरच्या खटल्यांत दिसते. पेटंटच्या शेवटी संशोधक नेमका कशावर हक्क सांगतो हे कलमवार लिहिलेले असते. या कलमांना हक्कमागण्या म्हणता येईल. बेल यांच्या पाचव्या हक्कमागणीत एखाद्या विशिष्ट यंत्राऐवजी आवाजाने हवेत उठणाऱ्या कंपनांसारखेच आंदोलन विद्युतप्रवाहात निर्माण करून ध्वनी पाठवण्याच्या पद्धतीचा आणि साधनाचा उल्लेख होता. जर्मनीतील फिलिप राइस यांचे १८६१ चे उपकरण प्रवाह जोडत आणि तोडत असे, तर बेल यांचा प्रवाह अखंड राहून आवाजाबरोबर कमीअधिक होत असे, हा भेद बेल यांच्या वकिलांनी न्यायाधीशांसमोर पुन्हापुन्हा उलगडला. १८८१ मध्ये स्पेन्सर खटल्यात न्यायाधीश लॉवेल यांनी तो मान्य केला, आणि कोणत्याही रचनेचा टेलिफोन या एका पेटंटच्या कक्षेत आला.

या युक्तिवादापुढे एक जुना अडथळा होता. १८५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॅम्युअल मॉर्स यांची आठवी हक्कमागणी नाकारली होती, कारण विद्युतचुंबकीय शक्तीने दूर अंतरावर अक्षरे उमटवण्याच्या प्रत्येक उपायावर, साधन कोणतेही असो, त्यांनी हक्क सांगितला होता. निसर्गातील शक्तीवर कोणाची मालकी असू शकत नाही, हे त्यातून ठरले होते. बेल यांच्या बाजूचे उत्तर असे की, त्यांनी वीज मागितलेली नाही. विजेला बोलणे वाहण्यायोग्य अशा एका ठरावीक अवस्थेत आणण्याची कृती मागितली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते, विज्ञानाच्या जाणकारीवाचून हा भेद मांडता येणे अशक्य होते.

सर्वोच्च न्यायालयात अनेक अपिले एकत्र करून जानेवारी १८८७ च्या अखेरीपासून सुमारे दोन आठवडे युक्तिवाद चालला, आणि १९ मार्च १८८८ रोजी चार विरुद्ध तीन अशा मतांनी बेल यांचा विजय झाला. सरन्यायाधीश मॉरिसन वेट आजारी असल्याने त्यांचे निकालपत्र दुसऱ्या न्यायमूर्तींनी वाचले, आणि चारच दिवसांत वेट यांचे निधन झाले. न्यायालयाच्या निकालांच्या मालिकेतील एकशे सव्विसावा खंड संपूर्णपणे या एका प्रकरणाने व्यापला आहे. अर्जाच्या वेळी यंत्र बोलले नव्हते, या आक्षेपावर न्यायालयाने म्हटले की, जाणकाराला कृती करता येईल इतके स्पष्ट वर्णन पुरेसे आहे.

अल्पमतातील तीन न्यायमूर्तींचा विश्वास मात्र पेनसिल्व्हेनियातील डॅनियल ड्रॉबॉ या गरीब कारागिरावर बसला होता. आपण बेल यांच्या आधीच टेलिफोन बनवल्याचा त्याचा दावा होता, आणि तो यंत्रावर बोलत असल्याचे आपण ऐकले, असे अनेक साक्षीदार सांगत होते. एक मत फिरले असते, तर टेलिफोनच्या जनकाचे नाव बदलले असते. पेटंट कायद्यात इतिहासाचा निर्णय किती थोड्या मतांवर ठरू शकतो, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

पेटंट देशागणिक वेगळे असल्याने हा निकाल भारतात लागू नव्हता. मात्र बेल आणि एडिसन यांच्या शोधांचे पूर्वेकडील हक्क घेऊन १८८१ मध्ये स्थापन झालेल्या ओरिएंटल टेलिफोन कंपनीमार्फतच १८८२ मध्ये मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले.

स्टॉरो यांच्याविषयी सर्वाधिक आदर वाटतो तो १८९१ मधील एका पत्रामुळे. बेल यांची मूळ पेटंटे १८९३ आणि १८९४ मध्ये संपणार होती, आणि चौदा वर्षे रखडलेले एमिल बर्लिनर यांचे प्रेषकयंत्राचे पेटंट कंपनीला नुकतेच मिळाले होते. त्या वेळी स्टॉरो यांनी कंपनीच्या अध्यक्षांना लिहिले की, या कंपनीइतका फायदेशीर, प्रबळ आणि लोकांच्या तिरस्कारास पात्र झालेला एकाधिकार दुसऱ्या कोणत्याही पेटंटने दिलेला नाही, आणि बर्लिनर पेटंटच्या आधारे तो लांबवण्याच्या प्रयत्नाने त्या पेटंटवर व न्यायालयांवर मोठा ताण येईल. अशिलाच्या विजयाची किंमत अशिलालाच सांगण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. बर्लिनर पेटंट रद्द करण्याची सरकारची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मे १८९७ मध्ये फेटाळली. स्टॉरो त्याआधीच निवर्तले होते. कंपनीची पेटंटविषयक वकिली सांभाळणारे बोस्टनचेच फ्रेडरिक फिश १९०१ मध्ये थेट बेल कंपनीच्या जागी आलेल्या अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९०७ पर्यंत त्या पदावर राहिले.