रुग्णाच्या वतीने संमती : अधिकार आणि जबाबदारी

पक्षाघाताने किंवा डोक्यास जबर इजा होऊन बेशुद्ध पडलेला रुग्ण स्वतःचा निर्णय घेऊ शकत नाही. अशा रुग्णाला नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी करावयाचे असल्यास त्याच्या कुटुंबीयांकडे संमती मागितली जाते. चिंतेत असलेल्या नातेवाइकाला हे संमतीपत्रही शस्त्रक्रियेच्या कागदासारखेच वाटण्याचा संभव असतो. या दोहोंतील भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

उपचार त्या रुग्णाच्याच हितासाठी असतो. संशोधनाचा हेतू मात्र औषध गुणकारी व सुरक्षित आहे किंवा नाही, हे पडताळून पाहण्याचा असतो. त्यापासून रुग्णाला लाभ होईलच असे नाही. कित्येक चाचण्यांत नवे औषध कोणाला द्यावयाचे, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते.

आपल्या देशात २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनुसार, असमर्थ रुग्णाच्या वतीने त्याचा कायदेशीर प्रतिनिधी संमती देऊ शकतो. प्रतिनिधीस वाचता येत नसल्यास माहिती सांगितली जात असताना निःपक्ष साक्षीदार सतत उपस्थित असावा लागतो. माहितीपत्रक व सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मागून घ्यावी. चाचणीस नैतिकता समितीची मान्यता आवश्यक असते. या समितीत किमान सात सदस्य असतात व त्यांत एक सर्वसामान्य नागरिक असावा लागतो.

नकार दिल्याने नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. दिलेली संमती केव्हाही, कारण न सांगता मागे घेता येते. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी संमतीपत्रातील वारसाचे नाव व पत्ता अचूक भरावा.

निर्णय घेताना 'मला काय वाटते' यापेक्षा 'रुग्ण शुद्धीवर असता तर त्याने काय ठरविले असते' हा प्रश्न स्वतःस विचारावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, रुग्ण निर्णयक्षम झाल्यावर त्याची स्वतःची संमती घ्यावी लागते. त्याचा हा अधिकार नातेवाइकाच्या हाती केवळ ठेव म्हणून असतो.

गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी. संकटसमयी सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यामुळे नातेवाइकांना लाभेल.