सातबाऱ्यावर तिचे नाव कोणत्या रकान्यात आहे?

वर्षावास सुरू झाला की विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते, आणि त्याच दिवसांत कोकणात भाताची लावणी चालू असते. वर्षावासाची प्रथाच मुळात शेतीशी जोडलेली आहे. पावसाळ्यात भिक्खू हिंडत राहिले की कोवळे अंकुर आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. त्यावर तथागतांनी पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला, असे विनयपिटकात नोंदले आहे. भिक्खूंचे चीवर तुकडे जोडून शिवतात, ती रचनाही मगधातील भातशेतांवरून आली. तथागतांनी बांधांनी आखलेली ती शेते भन्ते आनंदांना दाखवली आणि त्यांनी तसे चीवर बेतले. म्हणजे आपण ज्या वस्त्रापुढे हात जोडतो, त्यावर भाताच्या खाचराचा नकाशा आहे.

त्या खाचरात वाकून उभी असते ती बाई. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष ‘आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष’ म्हणून जाहीर केले आहे. आपल्या देशात १५ ऑक्टोबर हा ‘महिला किसान दिवस’ म्हणून पाळला जातो. सत्कार होतील, शाली दिल्या जातील. आम्हाला मात्र एका कागदाबद्दल बोलायचे आहे, आणि तेही ओवे गावातून.

ओवे आज खारघरला लागून, पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. आसपास टॉवर उभे राहिले, बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाली. इथे महिला शेतकरी कुठे शोधायची, असे कोणी विचारील. पण जमीन गेल्यावर बाईच्या कष्टाचे काय होते, हे ज्या पट्ट्यात दिसले तो हाच. म्हणून सुरुवात इथून.

पनवेल-उरणच्या भातशेतीची कामे आठवून पाहा. उन्हाळ्यात राबासाठी शेण, पालापाचोळा, फांद्या डोक्यावरून वाहून आणायच्या, पसरायच्या, भाजायच्या. पहिल्या पावसात तिथे पेरलेले रोप वाढले की ते उपटून त्याच्या मुठी बांधायच्या. मग चिखलात दिवसभर वाकून लावणी. पाठीवर इरले, पायाला चिखल्या. पुढे बेणणी, कापणी, भारे वाहणे, झोडणी, पाखडणी. गिरणी येण्यापूर्वी घरचे कांडणही तिचेच. भात निघाले की ओलीवर वाल, आणि पुढच्या सालासाठी बियाणे निवडून राखेत घालून ठेवायचे. या सगळ्यात पुरुषाचे ठळक काम म्हणजे नांगरणी आणि चिखलणी. तेही कष्टाचेच, आम्ही ते कमी लेखत नाही. पण गावाच्या बोलण्यात नांगर ज्याच्या हातात तोच शेतकरी ठरला. बाकीचे हात ‘मदतीला’.

सुत्तनिपातातील कसिभारद्वाजाची गोष्ट आपल्याला माहीत आहे. पेरणीच्या वेळी भिक्षेला उभ्या राहिलेल्या तथागतांना तो ब्राह्मण सुनावतो की मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तुम्हीही तसेच करा. मीही शेती करतो, असे तथागत म्हणतात तेव्हा तो विचारतो, तुमचा नांगर कुठे दिसत नाही. तथागतांनी त्याला जे उत्तर दिले त्याचा अर्थ वेगळा आणि खोल आहे, तो इथे ओढूनताणून लावायचा नाही. पण प्रश्न विचारण्याची ती रीत ओळखीची आहे. आज शेतात राबणारी बाई कर्जाला, विम्याला, अनुदानाला गेली की तिलाही तसेच विचारतात: सातबारा कुठे आहे?

सातबारा नसला तर काय अडते? पीएम किसानचे वर्षाला सहा हजार रुपये जमिनीच्या नोंदीवरून ठरतात. पीक कर्जाचेही तेच. २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तोही जमिनीच्या खात्याला जोडलेला. अतिवृष्टीची भरपाई खातेदाराच्या बँकेत जाते. आणि जमीन संपादित झाली तर नोटीस निघते ती नोंदीतल्या नावाने. हे शेवटचे या पट्ट्याला सांगावे लागत नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेण्याचे ठरले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. मोर्चांत बायकाही होत्या. पण भरपाई असो की भूखंड, हिशेब झाला तो सातबाऱ्यावरच्या नावाप्रमाणे. जिने तीस पावसाळे लावणी केली तिचे नाव तिथे बहुधा तेव्हाच यायचे जेव्हा ती विधवा होऊन वारस ठरायची. आणि जी दुसऱ्याच्या शेतात मजुरीने जायची तिचे काम एका दिवसात संपले. तिच्यासाठी कोणतीच नोटीस नव्हती. आपल्या समाजातल्या बऱ्याच आयाबाया या दुसऱ्या गटातल्या होत्या.

देशाचे आकडेही हेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत शेतकरी म्हणून नोंदलेल्या स्त्रिया साडेतीन कोटींच्या आसपास होत्या आणि शेतमजूर म्हणून नोंदलेल्या सहा कोटींहून अधिक. २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात ग्रामीण कामकरी स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के शेतीत होत्या. पुरुषांमध्ये हेच प्रमाण ५० टक्क्यांच्या आत आहे, कारण पुरुष शहराकडे निघून गेले. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत स्त्रियांच्या नावे असलेली वहिवाट खाती जेमतेम १४ टक्के, आणि क्षेत्र १२ टक्क्यांच्या आसपास.

डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानंतर २००७ मध्ये आलेल्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकऱ्याची व्याख्या रुंद केली. जमीनमालकाबरोबर शेतमजूर, कुळे, बटाईने करणारे आणि रानावर जगणारे आदिवासीही तिच्यात आले. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. महिला शेतकऱ्याला गावाच्या दाखल्यावर ओळख मिळावी म्हणून स्वामिनाथन यांनी राज्यसभेत २०१२ मध्ये खासगी विधेयकही मांडले. ते मंजूर झाले नाही.

आता आपल्या घरातले पाहू, कारण सगळा दोष सरकारवर टाकून भागणार नाही.

मुलीला आणि पत्नीला संपत्तीत हक्क मिळावा यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणले. ते रखडवले गेले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच बिलाचा एक भाग पुढे १९५६ चा हिंदू वारसा कायदा म्हणून आला. ‘आपण धम्म स्वीकारला, मग हिंदू कायदा आपल्याला कसा लागू?’ असा प्रश्न बैठकांत नेहमी येतो. त्याचे सरळ उत्तर असे की या कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याचे नाव काय असावे यावर वाद घालता येईल, आणि तो घालावाही. पण आज वारसा ठरतो तो याच कायद्याने. बाप मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वकष्टार्जित जमिनीत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचे वाटे सारखे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, मात्र आधीच लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या गेल्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, तिच्यात लग्नाची अट नाही. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले.

कायदा इतका स्पष्ट आहे, मग गाडी अडते कुठे? दोन ठिकाणी.

एक, हक्कसोडपत्र. वडिलांचा जलदान विधी होतो, पाहुणे पांगतात, आणि बहिणीला निबंधक कार्यालयात नेले जाते. भावाने शिकवले, लग्न केले, आता साडीचोळी घे आणि सही कर. नाही म्हटले तर माहेर तुटते, म्हणून ती सही करते. चौदा एप्रिलला मिरवणुकीत पुढे असणाऱ्या घरांतही हे होते. आमच्याही पाहण्यातले आहे, आणि अशा वेळी आम्हीही गप्प बसलो आहोत. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नंतर फिरवणे फार अवघड, म्हणून बोलायचे ते सहीआधी.

दुसरे ठिकाण जास्त लपलेले. सातबाऱ्यात भोगवटादाराचा रकाना असतो आणि त्याच्या बाजूला ‘इतर हक्क’. वडील गेल्यावर भावांची नावे पहिल्या रकान्यात आणि आई-बहिणींची नावे इतर हक्कांत, अशा नोंदी वर्षानुवर्षे झाल्या. कागदावर नाव दिसते, त्यामुळे बाईला वाटते आपले आहे. पण कर्ज, योजना, भरपाईच्या वेळी पाहिले जाते ते भोगवटादाराला. एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे ‘ए.कु.मॅ.’ अशा शेऱ्याने थोरल्या भावाचे एकट्याचे नाव राहिल्याचेही जुन्या उताऱ्यांत दिसते. हे दुरुस्त करता येते. वारस नोंदीचा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायचा, त्यात सर्व वारसांची नावे लिहायची. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात. ती नोटीस वाचायची. जुनी नोंद चुकली असेल तर तहसीलदारांकडे दुरुस्तीसाठी जायचे.

नवरा हयात असतानाही वाट आहे. शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला महिलांचे मोठे अधिवेशन घेतले आणि पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करावा. त्यानंतर राज्य शासनाने सप्टेंबर १९९२ मध्ये परिपत्रक काढले. पतीने स्वेच्छेने अर्ज केला तर पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागते. संघटनेची सगळी मते आपल्याला पटतात असे नाही, पण हे काम मोलाचे होते. तीस वर्षांहून अधिक काळ ही सोय आहे आणि तिचा उपयोग किती घरांनी केला, हे आपापल्या गावात मोजून पाहता येईल.

ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांचे काय, हा आपला जुना प्रश्न. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये महार वतनाचे विधेयक आणि १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. त्या खोतीचा जाच याच कुलाबा जिल्ह्याने सोसला होता. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, त्यांत आपल्या स्त्रिया कडेवर मुले घेऊन तुरुंगात गेल्या. त्यांच्याच नावाने २००४ पासून असलेली सबळीकरण व स्वाभिमान योजना दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देते. ती जमीन पती-पत्नी दोघांच्या नावे होते, विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. वनहक्क कायद्यातही पट्टा दोघांच्या नावेच द्यावा लागतो. खारघरच्या डोंगरावरच्या चाफेवाडी, फणसवाडीसारख्या आदिवासी पाड्यांसाठी ही तरतूद महत्त्वाची. पावसाळ्यात या डोंगरातल्या बाया शेवळी, टाकळा, कंटोली घेऊन बाजारात बसतात. शहराला ती हौसेची रानभाजी वाटते, त्यांच्या घरी ते पावसाळ्याचे अन्न असते.

अन्नसुरक्षेचा प्रश्न इथेच येतो. बाईच्या हाती शेताचा निर्णय आला की घरात काय शिजते ते बदलते. धाराशिव भागात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर काम करणाऱ्या स्त्रियांनी दुष्काळात घरच्यांकडे एकच मागणी केली: अर्धा-एक एकर आमच्या मर्जीने करू द्या. नगदी पिकाऐवजी त्यांनी डाळी, भाजीपाला, धान्य अशी मिश्र पिके घेतली. त्या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तेलंगणात झहीराबादच्या दलित स्त्रियांच्या संघांनी पडीक जमिनीवर ज्वारी-बाजरीसारखी भरडधान्ये घेऊन गावाचे स्वतःचे धान्यकोठार उभे केले. अकोल्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेले गावठी वाणाचे बियाणे तर सर्वांना माहीत आहे. जगाच्या पातळीवरही अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये मांडले की स्त्रियांना पुरुषांइतकीच साधने मिळाली तर त्यांच्या शेतातले उत्पादन २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकते. बाई कमी पिकवते, कारण तिला खत, कर्ज, पाणी, सल्ला उशिरा आणि कमी मिळतो.

नाव नसण्याची सर्वात कडू किंमत विदर्भ-मराठवाड्यात दिसते. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या ५०५ विधवांशी बोलून अभ्यास केला. त्यांतल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांना नवरा कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता.

यंदा १४ ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी महिला किसान दिवस. ओवे, तळोजा, खारघर परिसरातील महिला मंडळांना आमची विनंती आहे की वर्षावासाच्या एका रविवारी वाचन झाल्यावर तासभर यासाठी ठेवावा. डिजिटल सही असलेला सातबारा पंधरा रुपयांत मोबाइलवर निघतो. ज्यांची जमीन सिडकोत गेली त्यांनी जुना उतारा आणि साडेबारा टक्क्यांचे कागद आणावेत, ज्यांची गावाकडे कोकणात, घाटावर किंवा मराठवाड्यात आहे त्यांनी तिथला उतारा. गावातली शिकलेली एखादी मुलगी प्रत्येकाचा भोगवटादार रकाना मोठ्याने वाचून दाखवील, मग इतर हक्कांचा. ज्या आजींना वाचता येत नाही त्यांना पुढे बसवावे.