छातीत दुखतंय: गॅस की हृदय?

छातीत भरून आलं की आपल्याकडे तोंडात पहिला शब्द येतो, 'गॅस'. मग ओवा, सोडा, गरम पाणी, आणि शेवटी 'सकाळी पाहू'. बहुतेक वेळा छातीचं दुखणं खरोखरच साधं निघतं, म्हणून ही सवय टिकून राहिली आहे. पण जेव्हा ते साधं नसतं, तेव्हा हीच सवय जिवावर बेतते.

वर्धा जिल्ह्यात तर हा उशीर दुप्पट महाग पडतो. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, ही दोन्ही मोठी रुग्णालयं वर्धा शहराच्या आसपास आहेत. आर्वी तिथून पन्नासेक किलोमीटर. आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) तालुक्यांतल्या आतल्या गावातून निघालं तर रस्त्यातच तास-दीड तास जातो. घरी वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात मिळवा.

गैरसमज: हृदयाचं दुखणं डावीकडेच असतं आणि असह्य असतं.

वस्तुस्थिती: ते बहुधा छातीच्या मधोमध असतं आणि पुष्कळदा दुखण्यापेक्षा दडपण वाटतं: कुणी छातीवर बसल्यासारखं, आवळल्यासारखं. ते डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात पसरू शकतं. सोबत दरदरून घाम, धाप, मळमळ असेल तर धोका अधिक. रुग्णाला विचारा, 'कुठं दुखतं?' हृदयाचा रुग्ण सहसा पूर्ण तळवा किंवा मूठ छातीवर ठेवतो. एका बोटानं नेमकी जागा दाखवणाऱ्याचं दुखणं बहुधा स्नायूचं किंवा बरगडीचं असतं. ही खूण उपयोगी आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

चढावर किंवा ओझं उचलताना छाती भरते आणि थांबलं की पाच-दहा मिनिटांत मोकळी होते, तो अंजायना. रक्तवाहिनी अरुंद झाल्याचा तो इशारा आहे. तेच दुखणं बसल्या जागी आलं, किंवा पंधरा-वीस मिनिटांतही थांबलं नाही, तर हार्ट अटॅक समजूनच निघा.

गैरसमज: ढेकर आली, बरं वाटलं, म्हणजे गॅसच.

वस्तुस्थिती: आम्लपित्ताची जळजळ जेवणानंतर, आडवं झाल्यावर किंवा वाकल्यावर वाढते, घशाशी आंबट येतं. पण हृदयाच्या खालच्या भागाला झटका बसला की मळमळ, उलटी, ढेकर आणि पोटाच्या वरच्या बाजूला दुखणं, हे सगळं होऊ शकतं. सोडा किंवा अँटासिड घेऊन उतार पडला, हा हृदय ठीक असल्याचा पुरावा नाही.

गैरसमज: ईसीजी नॉर्मल आला, काळजी मिटली.

वस्तुस्थिती: ईसीजीच्या कागदावर साधारण दहा सेकंदांचं हृदय उमटतं. झटक्याच्या सुरुवातीला तो अगदी नॉर्मल दिसू शकतो. म्हणून दुखणं चालू असेल तर डॉक्टर तो पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. तेही वाढायला काही तास लागतात, त्यामुळे ही तपासणीसुद्धा दोनदा करावी लागू शकते. 'थोडा वेळ इथंच थांबा' असं डॉक्टर म्हणाले, तर थांबा.

गैरसमज: बायकांना आणि तरुणांना हार्ट अटॅक येत नाही.

वस्तुस्थिती: येतो. बायकांत आणि मधुमेहींत छातीत फारसं न दुखता नुसती धाप, गळाठा, घाम किंवा मळमळ असू शकते. म्हणूनच त्यांचं निदान मागे पडतं. तरुणांत तंबाखू हे मोठं कारण आहे. बिडी-सिगारेट ओढत नाही, नुसता खर्रा खातो, म्हणून हृदय सुरक्षित राहत नाही. खर्ऱ्यातही तंबाखूच असतो.

गैरसमज: छातीत दुखलं म्हणजे हृदयच, नाहीतर काहीच नाही.

वस्तुस्थिती: मधे बरंच काही आहे. फवारणीचा भरलेला पंप दिवसभर पाठीवर वागवला, कापसाचे गठ्ठे उचलले, की छातीचे स्नायू धरतात. दाबलं किंवा हात हलवला की ते दुखणं वाढतं. खोल श्वास घेताना, खोकताना सुईसारखं टोचत असेल तर फुफ्फुसाच्या आवरणाला सूज असू शकते. सोबत ताप असेल तर न्यूमोनिया, आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर क्षयाची तपासणी हवीच. एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते आणि दोन-चार दिवसांनी फोड उठतात, ती नागीण. घबराटीच्या झटक्यातही छाती दुखते, धडधडते. पण पहिल्यांदाच असं झालं तर आधी हृदय तपासावं, मग मनाकडे वळावं.

हृदयाच्या झटक्याइतकीच घाई आणखी तीन दुखण्यांत असते. अचानक छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखी कळ आली, तर महाधमनी चिरलेली असू शकते. ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस अंथरुणात राहिल्यावर अचानक धाप लागली, एक पाय सुजला, तर फुफ्फुसात गुठळी गेलेली असू शकते. आणि एका बाजूला एकदम कळ येऊन श्वास तोकडा पडला, तर फुफ्फुसाभोवती हवा भरलेली असू शकते.

गैरसमज: जोरजोरात खोकलं किंवा जिभेखाली गोळी ठेवली की झटका टळतो.

वस्तुस्थिती: मोबाइलवर फिरणाऱ्या खोकण्याच्या सल्ल्यानं बंद झालेली रक्तवाहिनी उघडत नाही. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी दुसऱ्याची घेतली तर रक्तदाब धोकादायक उतरू शकतो. अॅस्पिरिन मात्र खरोखर जीव वाचवतं. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या, 17 हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत अॅस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज यांपैकी काहीच न मिळालेल्या शंभरांतले तेरा जण पाच आठवड्यांत दगावले. दोन्ही मिळालेल्यांत आठ. पण अल्सर, रक्तस्राव, अॅलर्जी किंवा महाधमनीच्या दुखण्यात तेच अॅस्पिरिन घात करतं. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तरच चावून घ्यावं.

मग करायचं काय?

घरी बसून गॅस की हृदय हे नक्की ठरवता येत नाही, आणि ठरवायची गरजही नाही. दडपण, घाम, धाप यांतलं काही असेल तर 108 ला फोन करा. रुग्णाला बसवा, चालवू नका, दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका. गाडीला वेळ लागणार असेल तर जवळच्या ईसीजी असलेल्या दवाखान्यात पोचा. आर्वी आणि हिंगणघाटला उपजिल्हा रुग्णालयं आहेत. चालू औषधांची चिठ्ठी बरोबर घ्या.

आणि दुखणं किती वाजता सुरू झालं ते घड्याळात पाहून लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या 12 तासांतच देतात आणि पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण सर्वांत जास्त येतो. इंजेक्शन द्यायचं की थेट अँजिओप्लास्टीला पाठवायचं, हा डॉक्टरांचा निर्णय बराचसा तुम्ही सांगितलेल्या त्या वेळेवर ठरतो.