मँचेस्टरच्या तबकड्या

जून १९४३मध्ये वाद्यवृंद-संचालक जॉन बार्बिरोली न्यूयॉर्कहून मँचेस्टरला पोहोचले, तेव्हा ज्या वाद्यवृंदासाठी त्यांना बोलावून घेतले होते तो जवळपास शिल्लकच नव्हता. चार्ल्स हॅले या जर्मन पियानोवादकाने कापसाच्या पैशावर मोठ्या झालेल्या या शहरात १८५८ साली उभा केलेला ‘हॅले ऑर्केस्ट्रा’ युद्धकाळात बीबीसीच्या उत्तरेकडील वाद्यवृंदाशी वादक वाटून घेत दिवस काढत होता. ‘इकडे की तिकडे?’ असा प्रश्न आला तेव्हा बहुतेकांनी बीबीसीची पक्की नोकरी धरली. सामाईक वादकांपैकी हॅलेकडे आले ते चौघेच. फ्री ट्रेड हॉल हे हक्काचे सभागृह डिसेंबर १९४०च्या बाँबवर्षावात जळून गेले होते. आणि बार्बिरोली सोडून आले होते ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, म्हणजे टोस्कानिनींची गादी.

त्यांनी दिवसदिवस बसून वादक पारखले. शाळकरी बासरीवादक घेतला, शिंग वाजवणारी शिक्षिका घेतली, पितळी वाद्यांसाठी आसपासच्या ब्रासबँडांत आणि लष्करी बँडांत माणसे शोधली. ५ जुलैला ब्रॅडफर्डमध्ये नव्या हॅलेचा पहिला कार्यक्रम झाला.

मला कुतूहल आहे ते पुढच्या गोष्टीचे. वर्ष उलटायच्या आत या नवख्या ताफ्यासमोर एचएमव्हीने मायक्रोफोन ठेवला. डिसेंबर-जानेवारीत आर्नल्ड बॅक्सची तिसरी सिंफनी आणि फेब्रुवारी १९४४मध्ये व्हॉन विल्यम्सची पाचवी, दोन्ही ध्वनिमुद्रणे मँचेस्टरच्या हूल्ड्सवर्थ हॉलमध्ये झाली आणि दोन्ही त्या-त्या कृतीची जगातली पहिली. पाचव्या सिंफनीचा पहिला प्रयोग होऊन तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते. अख्खा राग तीन मिनिटांत बसवण्याची आपल्या गवयांची कसरत मराठी श्रोत्याला ठाऊक आहेच. तिथे अडचण उलटी होती. संगीत आखडायचे नव्हते. चार-चार मिनिटांवर तोडून, मेणाची नवी तबकडी बसेतो थांबून, पुढच्या बाजूला तोच श्वास पुन्हा पकडायचा होता. व्हॉन विल्यम्सच्या संथ तिसऱ्या भागात हा तुटलेला श्वास ऐकू येत नाही. खरखर आहे, सुषिर वाद्ये कुठे कुठे कच्ची आहेत. पण तंतुवाद्यांचा तो दाट, किंचित ओलसर आवाज सात-आठ महिन्यांत कुठून आला?

उत्तर बार्बिरोलींच्या घराण्यात आणि पेन्सिलीत आहे. आजोबा आणि वडील दोघेही व्हायोलिनवादक. १८८७ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात व्हेर्दीच्या ‘ओतेल्लो’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा दोघे वाद्यवृंदात होते. स्वतः जॉन चेलोवादक. १९१९मध्ये एल्गारच्या चेलो कॉन्चेर्तोचा पहिला प्रयोग झाला तेव्हा तेही मागे बसून वाजवत होते. कुठल्या स्वराला गज खाली ओढायचा, कुठे वर न्यायचा, हे ते रात्री जागून प्रत्येक तंतुवाद्याच्या प्रतीवर स्वतः लिहीत. एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकताना मधली वाट ऐकू आली पाहिजे हा त्यांचा आग्रह. आपण त्याला सरळ मींड म्हणू. पुढच्या पिढीच्या संचालकांना ही मींड जुनाट वाटू लागली. बार्बिरोलींनी ती सोडली नाही.

याच तंतुवाद्यांत १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक मुंबईकर बसत होते. १९३५मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन करणारे मेहली मेहता हॅलेत सहायक कॉन्सर्टमास्टर होते. त्यांचे चिरंजीव झुबिन तेव्हा व्हिएन्नात शिकत होते, आणि १९५८मध्ये संचालकांची स्पर्धा जिंकून शेजारच्याच लिव्हरपूलला सहायक म्हणून आले. मुंबईच्या पाश्चात्त्य संगीताचा इतिहास लिहिताना व्हिएन्नाचे नाव सगळे घेतात, मँचेस्टरचे फारसे कोणी घेत नाही.

ही वर्षे हॅलेच्या तबकड्यांसाठीही भरभराटीची. फ्री ट्रेड हॉल १९५१मध्ये पुन्हा उघडला होता. बार्बिरोली ‘पाय’ या कंपनीकडे गेले आणि तिच्यासाठी अमेरिकेतल्या मर्क्युरी कंपनीचे तंत्रज्ञ थेट मँचेस्टरला येऊ लागले. व्हॉन विल्यम्सने आठवी सिंफनी बार्बिरोलींनाच अर्पण केली; ‘ग्लोरियस जॉन’ हे त्यांचे लाडके नावही त्यानेच दिलेले. मे १९५६मध्ये मँचेस्टरला तिचा पहिला प्रयोग झाला आणि पुढच्याच महिन्यात ती मुद्रित झाली. शेवटच्या भागात घंटा, झायलोफोन आणि सुरात लावलेल्या गाँगांचा जो गजर आहे, तो मोजक्या मायक्रोफोनांनी टिपलेला असूनही आजही खोलीभर पसरतो.

मग १९६२मध्ये बार्बिरोली एचएमव्हीच्या मूळ कंपनीकडे, ईएमआयकडे परतले, आणि इथे माझी तक्रार सुरू होते. कंपनीला संचालक हवा होता, त्याचा वाद्यवृंद मात्र निवडकच. एल्गारची पहिली सिंफनी फिलहार्मोनियाबरोबर झाली. जॅकलिन द्यू प्रेबरोबरचा तो विख्यात चेलो कॉन्चेर्तो लंडन सिंफनीबरोबर. मालरची नववी बर्लिनला, ब्राम्सच्या सिंफनी व्हिएन्नात. परिणामी बार्बिरोली म्हटले की आज लोकांना ज्या तबकड्या आठवतात, त्यांतल्या बऱ्याचशा हॅलेच्या नाहीत. सत्तावीस वर्षांचा संसार एका गावात आणि नाव दुसऱ्या गावांत.

हॅलेच्या वाट्याला आले त्यात दोन गोष्टी मात्र अव्वल. पहिली, एल्गारचे ‘द ड्रीम ऑफ गेरॉन्टियस’, डिसेंबर १९६४मध्ये फ्री ट्रेड हॉलमध्ये मुद्रित झालेले. फिनलंडचे गायक किम बोर्ग यांचे इंग्रजी उच्चार खटकतात, हे खरे. पण जॅनेट बेकरने गायलेला देवदूत ऐकल्यावर ती तक्रार कुणी पुढे नेत नाही. दुसरी, १९६६ ते १९७० दरम्यान लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये झालेल्या सिबेलियसच्या सातही सिंफनी. दुसऱ्या सिंफनीत १९६२ची रॉयल फिलहार्मोनिकबरोबरची त्यांची तबकडी जास्त पेटलेली आहे. तिथे हॅले मागे पडतो. चौथी आणि सहावी मात्र हॅलेचीच ऐकावी. लय संथ, क्वचित अति संथ. संचालकाचे कण्हणे-गुणगुणणेही मायक्रोफोनने पकडलेले. लंडनच्या वादकांची काटेकोर सफाई इथे नाही. पण एकाच हाताखाली वर्षानुवर्षे वाजवलेली माणसे एकमेकांची वाट कशी बघतात, ते इथे कळते.

जुलै १९७०मध्ये हॅलेबरोबर डेलियसच्या कृती मुद्रित करून झाल्या आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला बार्बिरोली गेले. २०२०मध्ये त्यांच्या ध्वनिमुद्रणांचा १०९ सीडींचा संच वॉर्नरने काढला. त्यात मँचेस्टर आणि लंडन शेजारी-शेजारी बसून तुलनेला मिळतात.

हॅलेने मात्र दरम्यान वेगळाच धडा घेतला होता. २००३मध्ये संचालक मार्क एल्डर यांच्या काळात वाद्यवृंदाने स्वतःचीच ध्वनिमुद्रण कंपनी काढली. तिने २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गेरॉन्टियस’ला पुढच्या वर्षी ‘ग्रामोफोन’ मासिकाचा पुरस्कार मिळाला, आणि या वेळी कोणता वाद्यवृंद घ्यायचा हे ठरवायला लंडनमध्ये कुणी बसलेले नव्हते.