सोलापूरची थंडी यंदा लांबेल का?

'ला निना आली, आता कडाक्याची थंडी' असे मेसेज फिरू लागले की मला राहवत नाही. ला निनात प्रशांत महासागराच्या विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा गार होतं. 2020 ते 2023 असे सलग तीन हिवाळे ती टिकली होती. तिच्यामुळे उत्तर भारतात थंडीची शक्यता वाढते, खात्री मिळत नाही.

आपल्याकडे खरा निकाल वारा लावतो. पश्चिमेकडून येणारा कमी दाबाचा पट्टा, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला की उत्तरेचा कोरडा वारा दख्खनवर उतरतो. आभाळ निरभ्र असलं तर जमिनीची ऊब रातोरात निघून जाते आणि पहाटे हुडहुडी भरते. बंगालच्या उपसागराकडून दमट वारं, ढग आले, की ऐन थंडीतल्या आपल्या गड्ड्याच्या यात्रेतही स्वेटर नकोसा होतो. म्हणून इथली थंडी सलग नसते, लाटांनी येते.

बर्फ? सोलापुरात नाहीच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दिसतं तेसुद्धा गोठलेलं दव!

मालदांडी ज्वारीला गारठा मानवतो, द्राक्षाचे मणी मात्र फुगायचे थांबतात. बागायतदारांनो, हंगामी भाकितांपेक्षा हवामान खात्याचा पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज रोज बघा.