टाके निघाले, ऐकणं अजून सुरू व्हायचंय

‘ऑपरेशन झालं ना? मग अजून ऐकू कसं येत नाही?’ कॉक्लिअर इम्प्लांट करून माणूस घरी आला की हा प्रश्न पहिल्याच दिवशी दारात उभा राहतो. दहिसरची चाळ असो की मेट्रोच्या खांबांशेजारचा नवा टॉवर, भेटायला आलेलं कुणीतरी कानाजवळ टाळी वाजवून बघतंच. प्रतिसाद मिळत नाही आणि घरात कुजबुज सुरू होते, की ऑपरेशन फसलं.

ते फसलेलं नसतं. ऑपरेशनमध्ये बसवतात तो फक्त आतला भाग: कानामागे कातडीखाली एक चपटं यंत्र आणि तिथून आतल्या कानातल्या कॉक्लियात, म्हणजे शंखासारख्या वळणदार नळीत, सरकवलेली इलेक्ट्रोडची बारीक तार. आवाज पकडणारा प्रोसेसर बाहेर असतो. त्याची कॉइल लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. जखम भरल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, ऑडिओलॉजिस्ट तो पहिल्यांदा सुरू करतात. याला सगळे ‘स्विच ऑन’च म्हणतात. तोवर इम्प्लांट गप्प असतं. पुढेही झोपताना किंवा आंघोळीला प्रोसेसर काढला की ते गप्प होतं. अशा वेळी मागून हाका मारू नयेत, समोर येऊन खांद्याला हात लावावा.

शेजारणीच्या पडद्याच्या ऑपरेशनशी याची तुलना होते, ती चुकीची आहे. पडदा मधल्या कानाच्या तोंडाशी असतो. आतल्या कानाला तिथे हातही लागत नाही.

रिकिबीचं ऑपरेशन मात्र आतल्या कानाच्या उंबऱ्यावरचं. रिकीब हे शरीरातलं सगळ्यात लहान हाड. ओटोस्क्लेरोसिसमध्ये ते जागीच घट्ट बसतं आणि आवाज आत पोचत नाही. अमेरिकेतले सर्जन जॉन शी यांनी १९५६ मध्ये ते हाड काढून त्या जागी टेफ्लॉनचं कृत्रिम हाड बसवलं. आज बहुतेक वेळा रिकिबीच्या तळाला बारीक भोक पाडून तिथे छोटा दांडा बसवतात. यातही सुरुवातीला कानात पॅकिंग असतं, पडद्याआड थोडं रक्त साचलेलं असतं, त्यामुळे काही दिवस आधीपेक्षाही कमी ऐकू येतं. मग उलटं होतं: भांडी आदळल्याचा आवाज टोचतो, स्वतःचा आवाज घुमतो. खरा हिशोब साधारण सहा आठवड्यांनंतरच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, कळतो.

इम्प्लांटबद्दलचा दुसरा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यापायी माणसं चांगलं चाललेलं यंत्र कपाटात ठेवून देतात. ‘आवाज विचित्र येतोय, मशीनच खराब आहे.’ स्विच ऑनच्या दिवशी आधी नुसते बीप ऐकवतात. प्रत्येक इलेक्ट्रोडला किती करंट दिला की जेमतेम ऐकू येतं आणि किती दिला की नको होतं, ते ठरवतात. याला मॅपिंग म्हणतात. मग घरची माणसं बोलतात आणि रुग्णाला वाटतं, हे सगळे चिरक्या, यंत्रासारख्या आवाजात का बोलताहेत? काहींना तर बायकोचा आणि मुलाचा आवाज वेगळा ओळखता येत नाही.

याचं कारण कॉक्लियाच्या रचनेत आहे. तिच्या तोंडाशी बारीक, उंच पट्टीचे आवाज टिपले जातात आणि आतल्या शेवटच्या वळणावर खर्जाचे. निरोगी कानात मेंदूला आवाज कळवणाऱ्या सुमारे साडेतीन हजार पेशी असतात. इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड असतात बारा ते बावीस, आणि तार बहुधा शेवटच्या वळणापर्यंत पोचत नाही. मेंदूला मिळालेला हा नवा मजकूर तोकडा असतो, आणि तो वाचायला मेंदूलाच शिकावं लागतं. बोलता येऊ लागल्यावर ज्यांचं ऐकणं गेलं, त्यांच्यात मोठी सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसते आणि वर्षभर चालू राहते. दिवसभर प्रोसेसर लावून ठेवला तरच.

घरी सराव करताना ओळखीच्या शब्दांची छोटी यादी घ्यावी. दहिसरकरांसाठी ती तयारच आहे: मीरा रोड, दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड. समोरच्याने ओठ कागदाने झाकून त्यातलं एक नाव म्हणायचं. ‘मालाड’ लवकर ओळखता येतं. ‘बोरिवली’ आणि ‘कांदिवली’ यांचा शेवट एकच, म्हणून तिथे कान अडतो. ते जमलं की ‘सात’ आणि ‘साठ’. मोठ्याने ओरडून उपयोग नाही, त्याने शब्द आणखी फाटतात. चेक नाक्याच्या हॉर्नांच्या गर्दीत बोलणं समजणं पुढेही अवघडच राहतं. तबल्याचा ठेका चांगला कळतो, सूर मात्र बहुतेकांना नीट लागत नाही.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाचं गणित वेगळं. ‘मशीन बसलं की बोलायला लागेल’ असं होत नाही. त्याचं ऐकण्याचं वय स्विच ऑनपासून मोजायचं, म्हणजे तीन वर्षांचं मूल त्या दिवशी ऐकण्यात नवजात असतं. स्पीच थेरपीला पर्याय नाही, आणि आईबाबांनी दिवसभर त्याच्याशी बोलणं हाच तिचा मोठा भाग आहे. इम्प्लांट जितकं लवकर, तितकं चांगलं. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. केंद्राच्या अॅडिप योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मिळतं, त्याची चौकशी तिथे करावी. मुंबईत हे ऑपरेशन रुजवणाऱ्यांपैकी एक, डॉ. मिलिंद कीर्तने, यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. सर्जन कितीही निष्णात असला तरी थेरपीची वर्षं घरालाच काढावी लागतात. बॅटऱ्या, केबल आणि पुढे कधीतरी नवा प्रोसेसर, हा खर्चही आधीच धरून ठेवावा.

आता संमतीपत्रावर सही करण्याआधी सांगायलाच हवं ते. ‘थोडंफार ऐकू येतंय ते तरी राहीलच ना?’ खात्री नाही. तार आत जाताना उरलंसुरलं नैसर्गिक ऐकणं जाऊ शकतं, लगेच किंवा काही महिन्यांनी. ते वाचवण्यासाठी मऊ तार वापरतात, ती सावकाश सरकवतात, स्टिरॉइड देतात. खर्जाचं ऐकणं टिकलं तर त्याच कानात श्रवणयंत्राचीही जोड देता येते. तरीही ‘माझ्या बाबतीत ते टिकण्याची शक्यता किती?’ हे सर्जनला स्पष्ट विचारावं. रिकिबीच्या ऑपरेशनमध्ये शंभरात सुमारे एकाचा तो कान पूर्ण बहिरा होतो, म्हणूनच आधी जास्त खराब कान निवडतात.

तोल सांभाळणारे अवयवही आतल्या कानातच असतात. त्यामुळे पहिले काही दिवस चक्कर येते. तेवढे दिवस लोकलच्या दारात उभं राहू नये, रेल्वे पुलाचा जिना कठडा धरून उतरावा. जिभेच्या एका बाजूला धातूसारखी चव येते, कारण चवीची नस मधल्या कानातून जाते. ती बहुधा आपोआप सुधारते. कानातला गुंजारव इम्प्लांटनंतर बऱ्याच जणांचा कमी होतो, काहींचा वाढतोही. एमआरआयची वेळ आली तर इम्प्लांट असल्याचं आधी सांगावं, कारण आत लोहचुंबक असतो.

आणि घरी आल्यावर ऐकणं एकाएकी घटलं, जोराची चक्कर सुरू झाली, ताप येऊन मान आखडली किंवा कानातून पाणी येऊ लागलं, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी सर्जनला गाठायचं, रात्र असेल तर रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जायचं.