जनावरांच्या बरगड्या व छाती : शेतकऱ्यानें जाणण्याजोगी रचना

घोडेगांवच्या किंवा लोणीच्या बाजारांत बैल पसंत करितांना आपण दांत, खूर, शिंगें व चाल हीं बारकाईनें पाहतों. छातीवर मात्र एक थाप मारून पुढें जातों. वास्तविक जनावराचा दम, त्याची ओढ आणि कित्येकदां त्याचा प्राणहि या पिंजऱ्यावर अवलंबून असतो. म्हणून त्याची रचना येथें थोडक्यांत देत आहों.

गाय, बैल, म्हैस, शेळी व मेंढी यांस बरगड्यांच्या १३ जोड्या असतात. घोड्यास १८, कुत्र्यास १३ व डुकरास बहुधा १४ किंवा १५. आपल्याकडील खिल्लार बैल, अकोल्याकडील डांगी गाय व संगमनेरी शेळी यांच्या आकारांत कितीहि अंतर असलें तरी ही संख्या एकच. प्रत्येक बरगडीचें वरचें टोंक पाठीच्या मणक्यांस सांध्यानें जोडलेलें असतें. खालचें टोंक कूर्चेचें, म्हणजे लवचिक असतें. गुरांच्या पहिल्या ८ बरगड्या थेट छातीच्या हाडास मिळतात. मागच्या ५ बरगड्यांच्या कूर्चा एकमेकींस चिकटून पुढें जातात, व त्यांची कमान पोटाच्या कडेस हातास लागते.

दोन बरगड्यांमध्यें मांसाचे तिरपे थर असतात. श्वास घेतांना बाहेरचा थर आंखडून बरगड्या पुढें व बाहेर उचलल्या जातात. त्याच वेळीं छाती व पोट यांमधील मांसल पडदा मागें सरतो. पोकळी वाढते, आणि भात्याप्रमाणें हवा फुप्फुसांत शिरते. शिंग लागून ही भिंत आरपार फुटली, तर हवा जखमेंतून शिरून फुप्फुस मिटतें. अशा वेळीं स्वच्छ ओलें फडकें जखमेवर दाबून धरावें व पशुवैद्यास तत्काळ बोलवावें.

बरगड्यांच्या आंत सर्वत्र फुप्फुसेंच असतात, ही समजूत मात्र बरोबर नाहीं. वर सांगितलेला पडदा घुमटासारखा पुढें फुगलेला असून सुमारें सहाव्या बरगडीपर्यंत येतो. त्यामुळें मागच्या बरगड्यांआड डावीकडे पोटाचा मोठा कप्पा व उजवीकडे यकृत असतें. पडद्यास मागून लागून पोटाचा जाळीदार कप्पा, व पुढें अगदीं थोड्या अंतरावर हृदय!

या शेजारामुळेंच अनर्थ होतो. गुरें चारा नीट न चावतां गिळतात. कडबाकुट्टींत तारेचा तुकडा अथवा खिळा गेला, तर तो जाळीदार कप्प्यांत अडकतो, आणि कप्पा आंखडतांना पडदा भेदून हृदयाकडे सरकूं शकतो. जनावर पाठीस पोंक काढतें, पुढचे कोपर बाहेर ठेवितें, उतारावर कण्हतें, चारा व दूध एकाएकीं कमी करितें. पुढें गळ्याखालच्या पोळीस सूज आली म्हणजे बहुधा वेळ निघून गेलेली असते. आरंभींच दाखविल्यास शस्त्रक्रियेनें तार काढतां येते. पोटांत लोहचुंबक सोडण्याचा प्रतिबंधक उपायहि पशुवैद्य करितात.

कोंवळा लसूणघास अति खाऊन पोट फुगलें म्हणजे डावी कूस शेवटच्या बरगडीमागें ढोलासारखी वर येते. फुगलेलें पोट पडदा पुढें रेटतें, फुप्फुसांस जागा उरत नाहीं, आणि जनावर गुदमरून मरतें. म्हणून या दुखण्यांत उद्यांवर भिस्त ठेवूं नये.

छातीच्या मापानें जनावराचें वजनहि अजमावतां येतें. पुढच्या पायांच्या लगत मागें छातीचा घेर इंचांत घ्यावा. खांद्याच्या टोंकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. घेरास घेरानें गुणून लांबीनें गुणावें व ३०० नीं भागावें. उत्तर पौंडांत येतें. घेर ७० व लांबी ६० इंच असल्यास ९८० पौंड, म्हणजे सुमारें ४४५ किलो वजन झालें. जंताच्या औषधाचें प्रमाण ठरवितांना हा अजमास फार उपयोगी पडतो.

खोल व रुंद छाती, मागें कमानदार पसरलेल्या बरगड्या आणि शांत, सारखा श्वास, हीं बैल घेतांना पाहावीं. परंतु घेतल्यावर कुट्टीच्या यंत्राजवळ तारेचा तुकडा पडूं न देणें, हें त्याहून अधिक महत्त्वाचें आहे. यास खर्च कांहींच नाहीं. लक्ष मात्र रोज द्यावें लागतें.